हिरवीचा तिसरा भाग

मावशी,

तू माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, तरी तुला मावशीच म्हणायचं, कारण हॉस्पिटलात झाडूवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे तुला मावशीच म्हणायचे. तुझं खरं नाव मी एकदा विचारलं होतं. "कशाला हवंय बाई? मावशी म्हटलं की मी वळून बघते, तेवढं पुरे," म्हणालीस. बरं, राहिलं.

मागच्या महिन्यात आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी आली. नोकरीसाठी घर सोडून आलेली, खोलीत एकटी राहते. म्हणाली, "आजी, एखादी चांगली कादंबरी सांगा ना. संध्याकाळ झाली की घर खायला उठतं." मी तोंड उघडलं आणि तुझंच वाक्य बाहेर पडलं, "हिरवी वाचलीस का?" तिने असं नाव कधी ऐकलं नव्हतं. मग तिला समजावून सांगायला बसले, आणि ध्यानात आलं की त्या पुस्तकाचं सांगायला गेलं की आधी तुझं सांगावं लागतं. म्हणून लिहून काढते आहे. कंबर, गुडघे, डोळे सगळ्यांनी संप पुकारला आहे, हात तेवढा कामावर येतो.

तुझ्याशी बोलत लिहिलं तर तू मध्ये मध्ये "नाही हो बाई, तसं नव्हतं ते" करत बसशील. म्हणून इथून पुढे तुला तिऱ्हाईत करते. राग मानू नकोस. मानलास तरी मला कुठे कळणार आहे?

*

एकोणीस वर्षं मावशीने हॉस्पिटलच्या चादरी धुतल्या. रक्ताच्या वेगळ्या, औषधाच्या वेगळ्या, नुसत्या मळलेल्या वेगळ्या. मग एक दिवस ओल्या चादरींचा गठ्ठा उचलताना पाठीत कट्कन आवाज झाला आणि ती यंत्रासमोर वाकली ती तशीच राहिली. दोघींनी धरून नेली. दोन महिन्यांनी कामावर आली तेव्हा ऑफिसातल्या कारकुनाने तिच्या कागदावर 'हलके काम' असं लिहिलं आणि तिला जिन्याखाली नेऊन एक ढकलगाडी दाखवली. गाडीत पुस्तकं होती.

"ही फिरवायची. एकेका वॉर्डात आठवड्यातून दोनदा. द्यायची, घ्यायची, झालं."

"मला पुस्तकांतलं काय कळतंय, साहेब?"

"पेशंटला तरी काय कळतंय? त्याचा वेळ जाण्याशी कारण."

हलकं काम म्हणे! गाडी मूळची औषधांची, लोखंडी. त्यात दीडशेएक पुस्तकं, आणि पुढचं एक चाक डावीकडे ओढणारं. सरळ जायचं तर गाडीला सारखा उजवीकडे रेटा द्यावा लागे. संध्याकाळी रिकाम्या हातांनी घरी जातानाही मावशी जराशी उजवीकडे कलून चालायची.

शाळा सातवीपर्यंत झालेली. वाचताना ओठ हलायचे. पहिलं वर्षभर तिने पुस्तकं दिली ती आजार बघून. दोन दिवसांचा पेशंट असेल तर पातळ, हाड मोडलेलं असेल तर जाड. आत काय आहे याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. नर्सेस तिला 'लायब्ररी' म्हणत. "ए लायब्ररी, चार नंबरला आत्ता कुठे डोळा लागलाय, चाक वाजवू नकोस!"

गाडीच्या खालच्या कप्प्यात एक पुस्तक होतं, ते कुणीच घेईना. सहाशे आठ पानांचं. वरचं कव्हर गेलेलं, नावाचं पान गेलेलं, कुणी लिहिलं ते कुणालाच ठाऊक नाही. कुठल्याशा मेलेल्या पेशंटच्या नातेवाइकांनी टाकून दिलेलं. दुपारच्या सुट्टीत, डबा खाऊन झाल्यावर, मावशी धुतलेल्या चादरींच्या खोलीत पाठ टेकून बसायची. जुनी जागा, उबदार. तिथे तिने ते पुस्तक उघडलं. का, तर सगळ्यांनी नाकारलेलं होतं म्हणून. अकरा महिन्यांत वाचून काढलं.

गोष्ट साधी आहे. नदीच्या धक्क्याजवळ एक घर. बाप बोटीवर कामाला, आई लवकर गेलेली, चार भावंडं. थोरली बहीण बाकीच्या तिघांना वाढवते. भांडणं, आजारपणं, एकमेकांचे कपडे घालणं, घर नुसतं भरलेलं. मग एकेक जण बोटीत बसतो आणि जातो. कुणी वाईट नाही हं, हे महत्त्वाचं. प्रत्येकाला जायला कारण आहे. पत्रं येतात, मग उशिरा येतात, मग येत नाहीत. थोरली त्या घरात एकटी राहते आणि तिला कळत नाही की आता सकाळी उठायचं ते कशासाठी. आणि शेवटी तिला ते सापडतं: शेवटची बोट चुकलेल्या लोकांसाठी ती घरातली पुढची खोली उघडी ठेवायला लागते. एवढंच. मोठं काही नाही. पण ते वाचताना माणसाला आपल्या घरातल्या बंद खोल्या आठवायला लागतात, हे मी कबूल करते, आणि मी सहजासहजी काही कबूल करणारी नाही.

मावशीने ते वाचलं आणि लगेच पुन्हा पहिल्या पानापासून धरलं. कारण तिचंही तसंच होतं. सोळाव्या वर्षी आई गेली तेव्हा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा. बाप होता, पण नसल्यासारखा. भावाला तिने वाढवलं, शिकवलं, नोकरीला लागलेला बघितलं, त्याचं लग्न लावलं. स्वतःचं राहून गेलं. त्याचं तिने कधी रडगाणं गायलं नाही. मग भावाने नवं घर घेतलं, दोन खोल्यांचं. भावजय टेप घेऊन मापं घेत होती. इथे कपाट, इथे टेबल, इथे मुलीचा पलंग. मावशी टेपचं दुसरं टोक धरून उभी होती. सगळी मापं झाली. तिच्या कॉटचं माप कुणी घेतलं नाही.

"तुम्ही या हं वन्सं, कधीही," भावजय म्हणाली.

'कधीही' म्हणजे आज नाही, हे मावशीला कळलं. जुन्या खोलीत ती एकटी राहिली. भांडण नाही, काही नाही.

तर पुस्तक वाचल्यावर मावशीचं जाड-पातळ संपलं. आता ती प्रत्येक बेडपाशी थांबून एकच पुस्तक पुढे करायची. "हे वाचून बघा. नाही आवडलं तर परत द्या. आवडलं तरी परत द्या." लोक हसून घ्यायचे. पण पडल्या पडल्या एवढं ओझं छातीवर धरायचं म्हणजे थट्टा नव्हे. एकदा एका बाईच्या हातातून सुटून ते तिच्या ताज्या टाक्यांवर पडलं आणि वॉर्डात जो हलकल्लोळ झाला! मुख्य नर्सने मावशीला सगळ्यांसमोर झापलं. "पुस्तक आहे की वीट? पुन्हा वॉर्डात दिसलं तर खिडकीतून फेकेन."

मावशी ते घेऊन तळघरात गेली, रेकॉर्डवाल्याकडे. हा माणूस पेशंटचे जुने कागद जाड दोऱ्याने शिवून ठेवायचा. त्याने पुस्तकाचे चार भाग केले, दोऱ्याने शिवले, आणि तपासणीच्या टेबलावर बसवून उरलेलं हिरवं रेक्झिन वरून चिकटवलं. तेव्हापासून त्या पुस्तकाचं नाव हिरवी. हिरवी एक, हिरवी दोन, तीन, चार. एका वेळी चार पेशंट वाचू शकत, एकामागे एक. पण त्या शहाण्याने भाग पाडले ते पानं मोजून.

"अरे, वाक्याच्या मधेच कापलंस की!" मावशीने कपाळाला हात लावला.

"मी वाचत नाही, मोजतो. सहाशे आठ भागिले चार, एकशे बावन्न. चुकलं असेल तर सांग."

गणित बरोबर होतं. दुसरा भाग तीनशे चार पानावर संपायचा तो असा: एकट्या थोरलीच्या दारावर थाप पडते, ती हात पुसते, कडी काढते, 'आणि समोर'. बास. पुढचं तिसऱ्या भागात. दुसरा भाग संपवलेला पेशंट शुक्रवारपर्यंत मावशीची वाट बघायचा नाही, व्हीलचेअर ढकलत तिला शोधत यायचा. आणि एक रीत तिने पाडली होती. भाग वाचून संपला की शेवटच्या पानावर पेन्सिलीने आपला बेड नंबर लिहायचा. नाव नाही, नंबर. पेन्सिल गाडीलाच दोऱ्याने बांधलेली. न वाचता नंबर टाकणारे लबाड तिला ताबडतोब कळत, कारण ती दोन प्रश्न विचारायची.

*

आठ-नऊ वर्षांपूर्वी तिचा भाऊ तिच्याच हॉस्पिटलात दाखल झाला. हर्निया. चार दिवसांत घरी जायचा, पण जखम चिघळली, ताप आला, अकरा दिवस राहिला. पुरुषांचा वॉर्ड, बेड नंबर अठ्ठावीस. मंगळवारी मावशी गाडी घेऊन आत गेली तेव्हा तो छताकडे बघत पडला होता.

"कसा आहेस?"

"कसा असणार? पंखा मोजतोय."

"किती झाले?"

"एकच आहे, ताई. म्हणून तर कंटाळा आलाय."

बऱ्याच वर्षांनी दोघं हसली. तिने हिरवी एक त्याच्या उशाशी ठेवली. या माणसाने जन्मात पुस्तक उघडलं नव्हतं, शाळेतलीसुद्धा तीच मोठ्याने वाचून दाखवायची. पण शुक्रवारी ती गेली तर त्याने गाडीची पेन्सिल ओढून घेतली आणि पहिल्या भागावर अठ्ठावीस लिहिलं. तिने विचारलेल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं बरोबर. त्या दिवशी गाडीचं चाकसुद्धा सरळ चाललं, असं ती मला सांगायची. मी म्हटलं, चाकाचं खोटं आहे. ती म्हणाली, असू दे.

पुढच्या मंगळवारी ती आली तेव्हा तो उठून बसला होता. दुसरा भाग चादरीवर उपडा.

"हे मला मुद्दाम दिलंस ना?"

"मुद्दाम म्हणजे? सगळ्यांनाच देते."

"ही थोरली म्हणजे तू. आणि ते बोटीत बसून पळणारे म्हणजे मी."

"अरे, छापील पुस्तक आहे ते. मी लिहिलंय का?"

"टोमणा मारायला लोकांना एक वाक्य पुरतं, ताई. तुला सहाशे पानं लागली."

शेजारचा सत्तावीस नंबर, पाय वर टांगलेला, मध्येच म्हणाला, "मग मावशी, मला कसला टोमणा मारलात? मला तर बहीणच नाही."

मावशीच्या मनात खरंच तसं काही नव्हतं का? मी तिला विचारलं होतं. म्हणाली, "बाई, मी सगळ्यांना एकाच हाताने दिली. पण त्याला देताना मी त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. आता यावरून काय ते तुम्हीच ठरवा."

त्या दिवशी ती भावाला एवढंच म्हणाली, "पुढचं वाच, मग बोल." हिरवी तीन त्याच्या कपाटावर ठेवली, शेजारी पेन्सिलीचा एक तुकडा ठेवला आणि गाडी रेटत निघून गेली. मध्ये बुधवार, गुरुवार. बायकांचे वॉर्ड, मुलांचा वॉर्ड. मुद्दाम त्या बाजूला फिरकली नाही. त्याला वाचू द्यावं म्हणून.

शुक्रवारी बेडवर दुसराच माणूस. आदल्या दिवशी डिस्चार्ज झाला होता.

"पुस्तक?" तिने नर्सला विचारलं.

"तुझ्या भावजयीने कपाट नुसतं पिशवीत ओतलं, बाई. एक्स-रे, टॉवेल, चमचा, गोळ्या, सगळं. मी कुठे बघत बसू?"

दुसरा भाग गादीखाली सापडला. त्याच्या शेवटच्या पानावर अठ्ठावीस होतं. तिसरा गेला.

आता बघा. त्याने तो मुद्दाम नेला की भावजयीच्या हाताने चमच्याबरोबर गेला? दोन दिवसांत वाचला की न उघडताच गेला? मावशीची झोप उडाली ती या प्रश्नाने. दारात कोण उभं आहे ते तिसऱ्या भागाच्या पहिल्याच ओळीत आहे. दारात धाकटा भाऊ असतो. तो येतो, खुर्चीत बसतो, फारसं बोलत नाही. त्याची शेवटची बोट चुकलेली असते म्हणून आलेला, भेटायला म्हणून नव्हे. सकाळच्या पहिल्या बोटीने जातो. आणि तो गेल्यावर, त्या खुर्चीकडे बघत वर्षभर काढल्यावर, थोरलीला सुचतं की बोट चुकलेल्या माणसाला दार उघडणारं कुणीतरी असायला हवं, मग तो कुणी का असेना. राग धरून बसायच्या ऐवजी तिने खोली उघडली. टोमणा म्हणे! तिसरा भाग वाचला असता तर टोमणा नाही हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. म्हणून तो वाचलाय का, एवढंच मावशीला हवं होतं. आणि ते कळायला एकच जागा होती, तिसऱ्या भागाचं शेवटचं पान.

ती स्वतः गेली नाही. भाऊही आला नाही, फोन नाही. "पुस्तक मागायला गेले तर म्हणेल, पुस्तकासाठी आलीस. आणि पुस्तक न मागता गेले तर म्हणेल, आता काय हवंय? दोन्हीकडून माझंच तोंड फुटणार."

*

इकडे पेशंट थोडेच थांबणार होते? दुसरा भाग संपला की व्हीलचेअर तयार. "मावशी, समोर कोण?" शेवटी ती बेडपाशी उभी राहून तिसरा भाग तोंडीच सांगायला लागली. एकशे बावन्न पानं पंधरा-वीस मिनिटांत. एक हात गाडीवर, एक पाठीवर. त्या पाठीने उभं राहवत नसे, पण पेशंटच्या बेडवर बसायला बंदी. वर्षानुवर्षं सांगितलं. डॉक्टर राऊंडला आले तरी पेशंट म्हणायचे, "एक मिनिट थांबा, थोरलीचं चाललंय." नर्सेस औषध देता देता रेंगाळायच्या.

मग एकतीस नंबरच्या बेडवर एक म्हातारी आली. पडून मांडीचं हाड मोडलेली, चाळीस वर्षं कॉलेजात शिकवलेली, फटकळ. सगळ्यांच्या चुका काढायची. हिरवी एक वाचली, दोन वाचली, तीन मावशीच्या तोंडून ऐकली, चार वाचली, आणि शुक्रवारी गाडी दिसताच बोट उगारलं.

"मावशी, तिसऱ्या भागात दारात कोण आलं म्हणालीस?"

"एक बाई. अनोळखी. बोट चुकलेली, ओल्या बुटांची."

"मग चौथ्या भागात, पान चारशे साठच्या पुढे, 'त्या संध्याकाळी धाकटा ज्या खुर्चीत बसला होता' हे कुठून आलं? धाकटा घरात शिरला कधी?"

मावशीने गाडीची दांडी घट्ट धरली. "तुमचं लक्ष फार असतं हो."

"तेच काम केलं जन्मभर. खोटं का सांगितलंस?"

"आधी खरंच सांगायचे," मावशी म्हणाली. "दोन-तीन वर्षं खरंच सांगितलं. समोर धाकटा उभा होता, असं म्हणायचे आणि घसा बसायचा. पेशंट पाणी द्यायचे मला. मीच पेशंट! मग एक दिवस तोंडातून बाई आली. ओल्या बुटांची. सोपं गेलं. मग तीच ठेवली. इतके दिवस कुणी धरलं नाही मला."

म्हातारीने, म्हणजे मीच ती, आता लपवण्यात अर्थ नाही, जरा नरमून म्हटलं, "अगं, त्यात काय एवढं? नाव शोधून काढते, नवी अख्खी प्रत मागवते."

"नवी नको, बाई. नवीवर नंबर असणार आहे का?"

तेव्हा तिने मला भावाचं सगळं सांगितलं. उभ्यानेच. सांगून झाल्यावर पुस्तकं नोंदवायच्या जुन्या चिठ्ठीच्या पाठीमागे पत्ता लिहिला. अक्षर मोठं, शाळेतल्यासारखं. चिठ्ठी माझ्या उशीखाली सरकवली.

"तुम्ही बऱ्या झालात की जाल का? तुम्ही फटकळ आहात, तुम्हाला कुणी दारातून परत पाठवणार नाही. माझं नाव काढू नका. हॉस्पिटलच्या लायब्ररीतून आले म्हणा, एक पुस्तक राहिलंय. हातात घ्या, शेवटचं पान बघा. सगळ्यांत खाली अठ्ठावीस असेल तर काही बोलू नका. तिथेच ठेवा, त्याच्याकडेच राहू दे. चहा विचारला तर घ्या, भावजय चहा चांगला करते."

"आणि नसेल तर?"

"तर घेऊन या. पेशंट खोळंबलेत."

"एवढंच ना? महिन्याभरात करते," मी म्हटलं. माझं बोलणं नेहमी असंच, तडकाफडकी. काम तडकाफडकी होतं असं नाही.

*

मावशी, आता पुन्हा तुझ्याशी.

पहिले तीन महिने डॉक्टरांनी जिना चढू-उतरू दिला नाही. ते खरं कारण होतं. मग काठी आली, मग थंडी, मग डोळ्याचं ऑपरेशन. ती निम्मी कारणं. तू वॉर्डातल्या फोनवरून एकदा फोन केलास. "बाई, झालं का?" मी म्हटलं, "याच आठवड्यात जाते." तू म्हणालीस, "सावकाश. घाई नाही." तुझ्या मागे चाक वाजत होतं. म्हणजे बोलता बोलतासुद्धा तू गाडी रेटतच होतीस.

मग तू निवृत्त झालीस. गाडी पुन्हा जिन्याखाली गेली, मोडक्या व्हीलचेअरींशेजारी. पुस्तकं कुणीतरी पोत्यात भरली. तू हिरवीचे तीन भाग तेवढे काढून घेतलेस आणि माझ्या घरी आलीस. पाठ पार वाकलेली. दोन जिने चढून आलीस म्हणून मी तुझ्यावर ओरडले. तू चहा पण घेतला नाहीस. "माझ्या खोलीत ओल आहे, बाई. पुस्तक खराब होईल. तुमच्याकडे राहू दे. तिसरा येईल तेव्हा चारही शेजारी ठेवा." आणि दारात, चपला घालताना, माझ्याकडे न बघता, "गेला नाहीत ना अजून? राहू दे. कंबर सांभाळा."

मी म्हटलं, "जाणार आहे." तू मान हलवलीस. ती कोणत्या अर्थाने, ते मी तीन वर्षं झाली, कधी कधी विचार करते.

नंतर ऐकलं, ती खोली तू सोडलीस. कुठल्यातरी म्हाताऱ्या बाईकडे दिवसभराच्या सोबतीला राहिलीस, गावाच्या दुसऱ्या टोकाला. पत्ता हॉस्पिटलात विचारला तर मिळेल. मी विचारला नाही. विचारला की तुला भेटायला यावं लागेल, आणि भेटले की तू काही विचारणार नाहीस, आणि ते मला झेपणार नाही. हे झालं खरं कारण. बाकीचं कंबरेवर ढकलू नये, तिला तिचंच पुष्कळ आहे.

वरच्या मुलीला मी हिरवी एक दिली होती. मग दोन. परवा संध्याकाळी ती धडाधडा जिना उतरून आली, केस ओलेच, हातात दुसरा भाग.

"आजी, समोर कोण?"

"बस. पाणी पी."

"पाणी नको. कोण आहे दारात?"

मी ठरवलं होतं की खरं सांगायचं. चाळीस वर्षं पोरांना मुळातलं सोडू नका म्हणून सांगितलेली बाई मी. 'धाकटा' एवढाच शब्द म्हणायचा होता. तो जिभेवर येईना. तो म्हटला असता तर पुढे त्याचं घर आलं असतं, त्याचं दार आलं असतं.

"एक बाई होती," मी म्हटलं. "अनोळखी. ओल्या बुटांची."

मुलगी खुर्चीत पाय वर घेऊन बसली. मी वीस मिनिटं सांगितलं. तू सांगायचीस तसंच, पण मी बसून. संपल्यावर तिने पेन्सिल मागितली. बेड नंबर नाही म्हणून खोलीचा नंबर लिहिला, दुसऱ्या भागाच्या शेवटच्या पानावर, अठ्ठावीसच्या बरेच खाली. मग म्हणाली, "तिसरा भाग आहे कुणाकडे? मी आणू का जाऊन?"

"नको," मी जरा जोरातच म्हटलं. "ते काम मला सांगितलंय."

चिठ्ठी पर्समध्ये आहे, मावशी. घड्यांवर विरत चालली आहे, पण अक्षर लागतं. शाळेच्या मागची गल्ली, तिसरी इमारत, दुसरा मजला, उजवीकडचं दार. बेल चालत नाही. कडी वाजवा.